वाक्याच्या शेवटचा षड्ज

पहिल्या तासाला वर्गातल्या अकराही मुलामुलींनी त्या दोघांना परीक्षक समजून उभं राहून नमस्कार केला. सरोजबाई गोंधळल्या.

"अरे, बसा बसा! आम्हीपण तुमच्यासारखेच..." एवढं म्हणून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. गेली एकतीस वर्षं त्या अशा पाहत आल्या होत्या आणि पुढचं ते बोलत आले होते. पण ॲडव्होकेट योनाथान भांबळ या वेळी नुसते फळ्यावरच्या पाच आडव्या रेघांकडे बघत राहिले.

"विद्यार्थी," ते म्हणाले. मग कपाळाला आठ्या घालून, "दोन. विद्यार्थी. आम्ही..." आणि तिथंच अडकले.

मुलं हसली नाहीत. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं सरकून जागा करून दिली. सरोजबाईंनी पर्समधून दोन पातळ, करड्या पट्ट्या काढल्या. एक नवऱ्याच्या कपाळावर बांधली, एक स्वतःच्या. २०३८ सालचा जानेवारी होता. गावाचं नाव कागदोपत्री बदलून तेरा वर्षं होऊन गेली तरी बोलताना सगळे नगरच म्हणायचे, आणि त्या नगरात एका संगीत महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, हार्मनीच्या, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या शास्त्राच्या, पहिल्या वर्षाच्या वर्गात, साठ वर्षांचे वकील बोलायला शिकण्यासाठी येऊन बसले होते.

ऑक्टोबरात त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. हातपाय महिनाभरात सावरले. वाचा मात्र एका विचित्र ठिकाणी तुटली. समोरच्याचं सगळं कळायचं, शब्दही आठवायचे, पण शब्दांना शब्द जोडता यायचा नाही. "चहा. काल. शेखर. कोर्ट." असे सुटे मणी बाहेर पडायचे, दोरा नाही. ज्या माणसाचे उलटतपास ऐकायला दुसऱ्या कोर्टातले वकील येऊन मागं उभे राहायचे, तो माणूस दुधवाल्याला "उद्यापासून अर्धा लिटर जास्त टाक" एवढं सांगू शकत नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी प्रयत्न केला, दुसऱ्या दिवशी चिडून पातेलं आपटलं आणि तिसऱ्या दिवसापासून दाराशी जाणंच सोडलं.

इस्पितळातल्या डॉ. अवनी क्षीरसागर यांनी उपाय सांगितला तेव्हा सरोजबाईंना आधी ती थट्टाच वाटली होती.

"वाक्य जुळवण्याचं काम मेंदूच्या डाव्या बाजूला एका जागी चालतं," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "वकीलसाहेबांची ती जागा गेली. पण उजव्या बाजूला, बरोबर तिच्यासमोर, तिची जुळी बहीण आहे. ती सुरांची वाक्यं जुळवते. एका कॉर्डनंतर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यानंतर, दुसरी कुठली येणार याची ती सतत वाट बघत असते. भलतीच आली तर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात ती दचकते. तुम्ही संगीत शिकला नसलात तरी दचकते. हे दचकणं आम्हाला मोजता येतं. आणि नेमकं ती वाट बघत असताना या पट्टीतून चुंबकाचा हलका ठोका दिला, तर ती बहीण सुरांबरोबर शब्दांचंही काम हळूहळू अंगावर घेते."

"म्हणजे त्यांना गाणी ऐकवायची?"

"नुसतं ऐकून भागत नाही. पुढं काय यावं हे स्वतः ठरवावं लागतं. म्हणून खरी हार्मनी शिकायची, कॉलेजात, वहीत लिहून, चार आवाजांत गाऊन. आणि एक जोडीदार हवा. वकीलसाहेबांच्या मेंदूची वाट बघण्याची ताकद अजून फार क्षीण आहे. ठोका कधी द्यायचा हे त्यांच्या मेंदूवरून कळत नाही. ते आम्ही जोडीदाराच्या मेंदूवरून घेतो. तुमच्या मेंदूनं म्हटलं 'आता येणार', की ठोका त्यांना बसतो."

झटक्यानंतर सात-आठ महिने मेंदू ओल्या मातीसारखा असतो, मग घट्ट होतो, असंही त्या म्हणाल्या. मे संपेपर्यंत जे काय व्हायचं ते व्हायला हवं होतं.

दोघंही चर्चच्या गायनमंडळात वाढलेले. ते बास गायचे, त्या आल्टो, म्हणजे बायकांमधला खालचा आवाज. कानानं ऐकून, वर्षानुवर्षं. त्यामुळे सुरांची भीती नव्हती. भीती वाटत होती ती अठरा वर्षांच्या मुलांमध्ये बसण्याची, आणि ती पहिल्याच तासाला निम्मी ओसरली.

प्राध्यापिका नीलिमा गोर्डे पस्तिशीच्या, बुटक्या, चटपटीत. त्यांनी पियानोवर चार मात्रांच्या चार ओळी वाजवल्या आणि पंचमाच्या कॉर्डवर हात उचलले.

"कसं वाटतंय?"

"कुणीतरी जिन्याच्या पायरीवर एक पाय उचलून उभं राहिल्यासारखं," एक मुलगा म्हणाला.

"हा अर्धविराम. इंग्रजीत त्याला हाफ केडन्स म्हणतात. सुरांचंही वाक्य असतं. अर्ध्यावर ते पंचमाशी येऊन दम घेतं, आणि मग..." त्यांनी आणखी चार ओळी वाजवून शेवटची कॉर्ड षड्जावर टेकवली. "आता?"

भांबळ वकिलांनी मान वर केली.

"निकाल," ते म्हणाले.

"अगदी बरोबर!" मॅडम मनापासून खूश झाल्या. "निकाल लागला. हा पूर्णविराम."

झटक्यानंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना बरोबर म्हटलं होतं. घरी जाताना रिक्षात, म्हणजे आपोआप चालणाऱ्या त्या पिवळ्या डबीत, ते खिडकीबाहेर बघत मांडीवर बोटांनी काहीतरी वाजवत होते. सरोजबाईंनी ते पाहिलं आणि मुद्दाम काही विचारलं नाही.

पुढचे आठवडे भरभर गेले. सकाळी वर्ग, मग सरावाच्या खोलीत दीड तास दोघांनी गायचं, त्यानंतर दहा मिनिटं पट्ट्या न काढता एकमेकांशी बोलायचं, अशी बांधणी होती. वहीत चार आवाज लिहायचे: वर सोप्रानो, खाली आल्टो, मग टेनर, तळाला बास. प्रत्येकानं कॉर्डमधला आपला सूर घ्यायचा, पण चालायचं आपल्या चालीनं. सरोजबाईंची वही दर मंगळवारी लाल वर्तुळांनी भरून यायची.

"सरोजताई, हे बघा," नीलिमा मॅडम म्हणायच्या. "तुमचा आल्टो बासच्या पाच सूर वर आहे. बास एक पायरी चढला, आल्टो एक चढला. बास उतरला, आल्टो तेवढाच उतरला. याला समांतर पंचम म्हणतात. नियमात बसत नाही."

"कानाला तर गोड लागतं हो."

"लागणारच. म्हणून तर सगळे फसतात. पण दोन आवाज इतके चिकटून चालले, की ऐकणाऱ्याला एकच ऐकू येतो. आपण चार माणसं उभी करतो आणि गातात तीनच."

सरोजबाई मान डोलवायच्या, खोडरबरानं पुसायच्या आणि पुढच्या ओळीत पुन्हा तेच लिहायच्या. हात आपोआप बासच्या मागं जायचा.

तिकडे वकिलांची प्रगती मात्र दिसू लागली होती. सहाव्या आठवड्यात एका सकाळी ते म्हणाले, "शेखरला काल कोर्टात..." सरोजबाईंच्या हातातली कणीक तशीच राहिली. शेखर वाघचौरे हा त्यांचा ज्युनियर. 'शेखरला', 'कोर्टात'. शब्दांना प्रत्यय लागले होते! मणी ओवले जात होते. सरोजबाई वाट बघत राहिल्या. ते तोंड उघडं ठेवून तसेच बसले. डोळ्यांत दिसत होतं की पुढचं माहीत आहे. आलं मात्र नाही.

सातव्या आठवड्यात "मला त्या निळ्या फाइलमधला कागद..." आलं. आठव्यात "तू आज औषधं घेऊन लवकर..." आलं. मराठीत वाक्याचा सगळा जीव शेवटच्या क्रियापदात. ते येईपर्यंत माणसाला काय हवं, काय झालं, काय नको, यातलं काहीच कळत नाही. कागद द्यायचा, फाडायचा की शोधायचा? सरोजबाई अंदाजानं करायच्या, आणि चुकलं की ते कपाळावर हात मारून घ्यायचे.

आठव्या आठवड्याच्या शेवटी डॉ. क्षीरसागरांनी सरोजबाईंना एकटीलाच बोलावलं. पडद्यावर डोंगरासारख्या रेघा होत्या.

"ही तुमच्या पट्टीची नोंद. सुरांचं वाक्य सुरू झालं की तुमचा मेंदू पुढच्याची वाट बघत चढत जातो. फार सुंदर चढतो. ही पंचमाची कॉर्ड. इथं शिखर. आता षड्ज यायचा आहे, निकाल लागायचा आहे. आणि इथं बघा."

रेघ एकदम खाली आली होती, कडा तुटल्यासारखी.

"शेवट यायच्या आधीच तुमचा मेंदू हात सोडतो. त्यामुळे वकीलसाहेबांना शेवटचा ठोका मिळतच नाही. तुमच्या बोलण्याची नोंद पाहिली, तिथंही हेच. दहा मिनिटांच्या गप्पांमध्ये तुमची एकोणचाळीस वाक्यं आहेत. त्यातली सहा पूर्ण झाली."

सरोजबाईंचा चेहरा उतरला. "नाही, म्हणजे ते आधी कसे पटकन... आणि मला वाटायचं की आपण उगाच..."

डॉक्टर थांबल्या. थांबूनच राहिल्या. "आपण उगाच काय?"

इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. वाक्य अर्धवट टाकलं की ते दुसरं कुणीतरी उचलायचं, बहुधा नवरा, आणि ते बरोबर होतं की चूक हे पाहायचीही सवय गेली होती. सरोजबाईंनी पुढचे शब्द शोधले. ते त्यांना सापडले नाहीत, आणि त्या क्षणी नवऱ्याला रोज काय होत असेल ते त्यांना पोटातून कळलं.

"जोडीदार बदलता येईल," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "पण पहिली घडी बसायला पुन्हा सहा आठवडे जातील."

"मला शिकता येईल का?" सरोजबाईंनी विचारलं. मग घाईनं, कुणी तोडेल या भीतीनं, "मी शेवट करायला शिकते. मला पंधरा दिवस द्या."

नीलिमा मॅडमनी त्यांना वेगळाच अभ्यास दिला. पूर्ण ओळी लिहायच्या नाहीत. फक्त शेवटच्या दोन कॉर्ड, पंचमाची आणि षड्जाची, गाण्याच्या बाराही पट्ट्यांमध्ये, चारही आवाजांत, दिवसाला पन्नास वेळा. शिवाय घरात एकट्या असताना सरोजबाई मोठ्यानं बोलू लागल्या. "मी दार लावते. मी भाकरी थापते. मला ही साडी आवडत नाही." शेजारच्या बाईंनी एकदा खिडकीतून विचारलं, "कुणाशी बोलताय?" "स्वतःशी बोलते," सरोजबाई म्हणाल्या, आणि क्रियापद आलं म्हणून खूश झाल्या.

रेघ थोडी वर आली. पुरेशी नाही. सुरांमध्ये शेवट टिकू लागला होता, बोलण्यात नाही. डॉक्टरांनी कारण सांगितलं: ठरवून म्हटलेल्या वाक्याला मेंदू फारशी किंमत देत नाही. जे खरंच सांगायचं असतं, ज्याच्या शेवटाची स्वतःलाच धास्ती असते, तिथं रेघ उसळते.

असं एक वाक्य सरोजबाईंकडे होतं. सात वर्षांचं.

त्यांची एकुलती एक मुलगी रिबेका चंद्रपूरला नोकरीला होती. तिनं तिथं घटस्फोट झालेल्या, एका मुलाचा बाप असलेल्या माणसाशी लग्न ठरवलं, तेव्हा वकिलांनी तिला पत्र पाठवलं होतं. फोन नाही, पत्र, कोर्टाच्या नोटिशीसारखं. "तुझ्या आईची आणि माझी, दोघांचीही या लग्नाला संमती नाही. यापुढे या घरी येण्याचे कारण नाही." खाली दोन सह्या. दुसरी सही सरोजबाईंची होती, आणि ती त्यांनी केलेली नव्हती. त्यांना पत्राचं कळलं ते रिबेकाचा फोन आल्यावर. "आई, तूसुद्धा?" ती म्हणाली होती. "अगं, मी खरं तर..." एवढं सरोजबाई बोलल्या होत्या. वकील समोर बसून पेपर वाचत होते. त्यानंतर दर वाढदिवसाला मायलेकींचा चार मिनिटांचा फोन व्हायचा, हवापाण्याचा.

दहाव्या आठवड्यातल्या बुधवारी, सकाळी अकरा वाजता, सरावाची खोली उन्हानं भरली होती. गाऊन झालं होतं. दोघांच्या कपाळावर पट्ट्या होत्या. बोलायची दहा मिनिटं सुरू झाली.

"अहो," सरोजबाई म्हणाल्या. "रिबेकाला पाठवलेल्या पत्रावर मी सही केली नव्हती."

वकिलांनी मान वर केली.

"तुम्ही माझी सही केलीत. मला त्या लग्नाचं वाईट वाटलं नव्हतं. मला तिनं निवडलेला मुलगा बघायचा होता. मी तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, कारण मी तुम्हाला घाबरत होते." एकेक वाक्य त्या तळाशी नेऊन ठेवत होत्या. "माझी मुलगी सात वर्षं समजतेय की मी तिला दार बंद केलं. हे मला रोज आठवतं. हे तुम्ही केलंत आणि मी ते होऊ दिलं."

प्रत्येक क्रियापदाबरोबर ठोका वकिलांच्या डोक्यात बसत होता. त्यांचा चेहरा लाल झाला. "सही... तुझी... मी, घरासाठी... तुला काय..." ते उठले, कपाळावरची पट्टी ओरबाडून काढली, पियानोवर टाकली आणि दार उघडं टाकून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. घरी जुन्या फाइली मांडीवर घेऊन ते खिडकीशी बसायचे. ताट पुढं केलं की जेवायचे. सरोजबाईंनी समजूत काढली नाही. माफीही मागितली नाही. आत कुठंतरी सारखं टोचत होतं, की दिवस जाताहेत, माती घट्ट होतेय, आणि आपल्या एका बोलण्यापायी या माणसाची वाचा कायमची गेली तर? तरी रोज सकाळी त्या एकट्या रिक्षानं कॉलेजात जात राहिल्या.

"वकीलसाहेब नसताना तुम्ही आलात, बरं वाटलं," नीलिमा मॅडम म्हणाल्या. "पण एक विचारू? तुम्ही जोडीदार म्हणून आलात. आता कशासाठी येता?"

सरोजबाईंनी जरा विचार केला. "मला हे आवडतं," त्या म्हणाल्या. "मला परीक्षेला बसायचं आहे."

मॅडमनी टेबलाच्या खणातून परीक्षेचा अर्ज काढून दिला. त्या दिवशी सरोजबाईंनी वर्गात बसून आठ ओळींची रचना लिहिली. बास वर चढत होता तेव्हा त्यांचा आल्टो एका सुरावर ठाम थांबला होता. बास थांबला तेव्हा तो खाली उतरला. वही परत आली तेव्हा त्या पानावर एकही लाल वर्तुळ नव्हतं. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "काकू, पार्टी!" आणि सगळ्यांना उसाचा रस पाजावा लागला.

सहाव्या दिवशी सरावाच्या खोलीचं दार उघडलं. वकील दारात उभे होते, घामानं भिजलेले. रिक्षाला पत्ता सांगता आला नसावा, चालत आले होते. त्यांनी पियानोवरची पट्टी उचलली, स्वतःच कपाळावर बांधली आणि खुर्चीवर बसले.

"पत्र मी लिहिलं होतं," ते म्हणाले.

सरोजबाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"तुझी सही मी केली होती." प्रत्येक शब्दाला वेळ लागत होता, पण प्रत्येक शब्द येत होता. "तुला विचारलं नव्हतं."

साडेपाच महिन्यांनी त्या माणसाच्या तोंडून पुरी वाक्यं आली होती, आणि ती कबुलीची होती. सरोजबाईंना रडू येत होतं, त्यांना हसू येत होतं, आणि त्याच वेळी सात वर्षांचा रागही तिथंच होता, जराही न विरलेला.

"हो," त्या म्हणाल्या. "नव्हतं विचारलं."

मग त्यांनी वही उघडली. "चला. पहिल्या ओळीपासून."

यानंतर वाक्यं येत गेली. लहान लहान, सावकाश. आणि त्यांच्यात एक गोष्ट होती जी आधी फक्त सरोजबाईंच्या लक्षात आली. वकील पूर्वी बोलायचे ते लांबलचक, एकात एक गुंतवलेलं. मधे कुणाला शिरायला फट नसायची. आता ते एक वाक्य बोलायचे, थांबायचे, समोरच्याकडे बघायचे, मग दुसरं बोलायचे. शेवटचा शब्द किंचित खाली ठेवायचे. ही सरोजबाईंची लकब होती, नव्यानं कमावलेली. ठोके त्यांच्या मेंदूच्या तालावर पडले होते आणि त्या तालावरच वाट पडली होती. आपलं बोलणं नवऱ्याच्या जाड आवाजात ऐकताना त्यांना सुरुवातीला अंगावर काटा यायचा.

तेराव्या आठवड्यात वकिलांनी आपणहून चंद्रपूरला फोन लावला. सरोजबाई शेजारी बसल्या होत्या, पट्टी कुणाच्याच कपाळावर नव्हती.

"रिबेका, मी पप्पा बोलतोय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"ते पत्र मी लिहिलं होतं. आईची सही मी केली होती. तिला माहीत नव्हतं. तिनं नको म्हटलं नव्हतं." ते थांबले. कपाळावरचा घाम पुसला. "मी चुकीचं वागलो. एवढंच सांगायचं होतं."

मग तिचा आवाज आला. "पप्पा, तुम्ही... तुम्ही आईसारखे बोलताय."

"यंत्र तिच्या मापाचं आहे," वकील म्हणाले.

रिबेकाला यातलं काही माहीत नव्हतं. झटका आला एवढंच ठाऊक होतं. ती हसली की हुंदका दिला ते फोनवर कळलं नाही. "मला जरा वेळ द्या," म्हणून तिनं फोन ठेवला. दोन दिवसांनी तिचा फोन आला तो आईला, आणि मायलेकी एक तास दहा मिनिटं बोलल्या. ती म्हणाली, मेमध्ये आम्ही तिघं येऊ.

एप्रिलच्या शेवटी डॉ. क्षीरसागरांनी दोघांनाही बोलावलं. शेखर वाघचौरेही आला होता.

"प्रयोग यशस्वी झाला म्हणायला हरकत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आता एक सांगायला हवं. वकीलसाहेब, तुम्ही पुन्हा कोर्टात उभे राहू शकता. आत्ताच्या बोलण्यावर नाही, ते फार सावकाश आहे. पण मेंदू अजून महिनाभर ओला आहे, आणि वाट एकदा पडलेली असल्यामुळे या वेळी तेवढा पुरेल. दुसरा जोडीदार घेऊन आणखी एक आवर्तन करायचं. शेखर तयार आहे. तो तुमच्याच तालमीत तयार झालाय, तुमच्याच वेगानं बोलतो. तो वेग तुम्हाला मिळेल."

"सर, मी रोज दोन तास देईन," शेखर म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आणि आत्ताची?" वकिलांनी विचारलं. "आत्ताची वाक्यं राहतील का?"

डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. "नवी घडी बसताना ही मोडेल. दोन्ही राहत नाहीत."

वकिलांनी सरोजबाईंकडे पाहिलं. सरोजबाईंच्या मनात 'नको' इतक्या जोरानं उमटलं की त्या दचकल्या. हा थांबून बघणारा माणूस त्यांना नुकताच भेटला होता. पण एकतीस वर्षं कुणीतरी आपल्या वतीनं उत्तर देत आलं की काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

"मला विचाराल तर मला हे आत्ताचे तुम्ही आवडता," त्या म्हणाल्या. "पण कोर्ट तुमचं आहे. तुम्ही हो म्हणालात तर मी तुम्हाला अडवणार नाही. रागावणारही नाही."

वकिलांनी चार दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी ते काळा कोट न घालता कोर्टात गेले आणि पक्षकारांच्या गर्दीत मागच्या बाकावर बसले. शेखरची केस चालू होती. संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, चहाचा कप हातात घेतला.

"शेखर चांगला बोलतो," ते म्हणाले. "केस तोच जिंकणार. त्याची पक्षकार एक म्हातारी आहे. तिला काहीतरी सांगायचं होतं. त्यानं तिला बोलू दिलं नाही. मी मोजत होतो. सात वेळा."

"घाईत असेल."

"मीच त्याला शिकवलंय." त्यांनी चहा संपवला. "बाहेर आल्यावर मी तिला विचारलं. ती वीस मिनिटं बोलली. मी ऐकलं. तिच्या जमिनीचा दाखला दुसऱ्याच नावानं आहे. शेखरला माहीत नाही. मी त्याला लिहून दिलं."

सरोजबाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या.

"पुन्हा तसं बोलता आलं, तर मी कुणाला बोलू देणार नाही," ते म्हणाले. "मी स्वतःला ओळखतो." मग त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. "भांबळ बोलतोय. दुसरं आवर्तन नको. शेखरला मी सांगतो." आणि कप आत ठेवायला गेले. स्वयंपाकघरात ते बराच वेळ ओट्याला टेकून उभे होते. पाठ हलत होती. तीस वर्षांचं कोर्ट होतं ते. सरोजबाई त्यांच्याजवळ गेल्या आणि पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मे महिन्यात वकिलांनी कोर्टाच्या आवारात मोफत कायदेशीर सल्ल्याच्या टेबलावर आठवड्यातून तीन दिवस बसायला सुरुवात केली. लोक बोलायचे, ते ऐकून अर्ज लिहून द्यायचे. रांग सावकाश पुढं सरकायची आणि बायका मुद्दाम त्यांच्याच टेबलाशी येतात असं शिपाई सांगायचा.

रिबेका, तिचा नवरा आणि दहा वर्षांचा आर्यमान ज्या सकाळी नगरला उतरले, नेमका त्याच सकाळी सरोजबाईंचा हार्मनीचा पेपर होता. दारात मायलेकींची मिठी सुटता सुटेना. रिबेका म्हणाली, "आई, आजचा दिवस पेपर नाही दिलास तर चालणार नाही का?"

"चालणार नाही," सरोजबाई म्हणाल्या. "मी दोन वाजता येते. वांग्याची भाजी केली आहे, जेवून घ्या. आल्यावर आपण बोलू."

त्यांनी पेन्सिली, खोडरबर आणि पाण्याची बाटली पिशवीत टाकली. बाहेरच्या खोलीत नातू आजोबांसमोर बसला होता, जरा बुजलेला. त्यानं धीर करून विचारलं, "आजोबा, तुम्ही असे थांबून थांबून का बोलता?"

वकिलांनी मांडीवरचं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. मुलाकडे नीट पाहिलं आणि सावकाश सुरुवात केली.

"असं बघ. मी, तुझ्या आजीकडून, या वर्षी..."

सरोजबाईंनी चपला घातल्या. क्रियापद ऐकायला त्या थांबल्या नाहीत. पेपरला उशीर झाला असता.